हिशेब विचारणारी बायको



आज बचतीवर किंवा बँकेच्या कागदपत्रांवर बोलणार नाही. आज एका मालिकेवर बोलायचं आहे. मालिका अमेरिकेतली, नाव ‘ब्रेकिंग बॅड’. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ती पाहिली नसेल. पण घरातल्या कॉलेजच्या मुलाला विचारून बघा. काळी टोपी, काळा चष्मा आणि दाढी असलेल्या एका माणसाचा चेहरा टी-शर्टवर छापलेला असतो, तो याच मालिकेतला वॉल्टर व्हाइट. अंगावर मिरवावा असा हा माणूस आहे का, यावरून मालिका संपत आली तेव्हा तिचे चाहते एकमेकांशी कडाकडा भांडले होते. त्या भांडणाविषयी सांगायचं आहे, कारण त्यात सर्वांत जास्त शिव्या वॉल्टरला मिळाल्या नाहीत. त्या मिळाल्या त्याच्या बायकोला. गोष्टीचा शेवटही सांगणार आहे. मालिका २०१३ साली संपली, त्यामुळे तेवढं चालवून घ्याल.

आधी गोष्ट. न्यू मेक्सिको नावाच्या राज्यात आल्बुकर्की शहर आहे, वाळवंटाच्या कडेचं. तिथे वॉल्टर हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. पगारात भागत नाही म्हणून शाळा सुटली की गाड्या धुण्याच्या सेंटरवर काम करतो. तिथे एकदा स्वतःच्याच विद्यार्थ्याची गाडी त्याला गुडघ्यावर बसून पुसावी लागते. थोरल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, तो कुबड्या घेऊन चालतो. बायको स्कायलर गरोदर आहे. वॉल्टरला ५० वर्षं पूर्ण होतात आणि त्याच सुमारास कळतं की फुप्फुसाचा कॅन्सर झाला आहे, ऑपरेशन होण्यासारखा नाही. मागे घरच्यांचं काय होणार, या विचारात तो आपली विद्या वापरायचं ठरवतो. जेसी नावाच्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून तो ‘मेथ’ बनवू लागतो. मेथ म्हणजे बर्फाच्या खड्यासारखं दिसणारं नशेचं रसायन, माणसाला आतून पोखरणारं. त्याचा साडू हँक नेमका सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी आहे. म्हणजे चोर आणि पोलीस रविवारी एकाच अंगणात जेवायला बसतात.

अशा माणसाला इंग्रजीत ‘अँटीहिरो’ म्हणतात. गोष्ट त्याची असते, आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, त्यामुळे तो खलनायक वाटत नाही. पण त्याची करणी नायकाला शोभणारी नसते. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी पहिल्यापासून सांगितलं होतं की एका साध्या, भल्या मास्तराचा हळूहळू गुंडांचा म्होरक्या करून दाखवायचा आहे. तशी ती पाच पर्वं आणि ६२ भाग चालली, जानेवारी २००८ ते सप्टेंबर २०१३.

आता मुद्द्याचं. वॉल्टरने एक हिशेब मांडलेला आहे. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात तो तोंडी आकडेमोड करतो: दोन मुलांचं कॉलेज ३ लाख ६० हजार डॉलर, घराचं उरलेलं कर्ज आणि त्यावर काढलेली रक्कम मिळून १ लाख ३७ हजार, आणि घरखर्चाला महिना २ हजार धरून १० वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार डॉलर. एवढे जमले की थांबायचं. आपल्या गटातल्या कोणाही सचिवाला पटेल असा हा हिशेब आहे. गरज लिहिली, मुदत लिहिली, रक्कम काढली. त्या भागाच्या नावातही ७३७ हाच आकडा आहे.

तो थांबत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्या आधीची, पहिल्या पर्वातली गोष्ट. ग्रेचेन आणि एलियट हे त्याचे जुने मित्र. तरुणपणी तिघांनी मिळून कंपनी काढली होती. वॉल्टरने आपला वाटा अवघ्या ५ हजार डॉलरला विकून टाकला आणि पुढे ती कंपनी २ अब्ज डॉलरच्या वर गेली. हे दोघं त्याला सांगतात की तुझ्या उपचाराचा सगळा खर्च आम्ही करतो. वॉल्टर नाही म्हणतो. बायकोला मात्र खोटं सांगतो की तेच पैसे देत आहेत. काही लोक म्हणतात, अमेरिकेत दवाखाना इतका महाग नसता तर ही मालिकाच झाली नसती. ते अर्धंच खरं आहे. बिल भरायला माणूस दारात उभा होता. उपकाराचा पैसा घेण्यापेक्षा विषाचा पैसा याला चालला, कारण तो ‘आपण कमावलेला’ होता.

तरीही बघणारा त्याच्याच बाजूने राहतो. का राहतो? ते लोक मूर्ख नव्हते. मालिका बांधलीच तशी आहे. पहिल्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांत हा माणूस वाळवंटात अंतर्वस्त्रावर उभा आहे, लांबून सायरन ऐकू येतो आहे, आणि तो कॅमेऱ्यासमोर घरच्यांसाठी निरोप देतो आहे की काहीही कळलं तरी माझ्या मनात फक्त तुम्ही होता. म्हणजे बचाव आधी ऐकवला, गुन्हा नंतर दाखवला. त्यात तो आजारी, अपमान गिळलेला, आणि आपल्या कामात पटाईत. हातात कसब असलेल्या माणसाला काम करताना बघायला सगळ्यांनाच आवडतं, मग तो भाकरी थापो की नशेचं रसायन बनवो. शिवाय त्याच्यासमोर दरवेळी त्याच्याहून वाईट माणूस उभा केला जातो. आधी डोकं फिरलेला टुको, मग शांतपणे गळा चिरणारा गस, शेवटी हिटलरला मानणारी टोळी. त्यांच्याशेजारी वॉल्टर आपला वाटतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. वॉल्टरचं गुपित आपल्याला माहीत असतं, बायकोला माहीत नसतं. गुपितात सामील झालं की आपण त्याच्या बाजूचे होतो. मग स्कायलर विचारते, कुठे होतास, दुसरा फोन कुणाचा, खरं बोल. या प्रश्नांनी गोष्ट अडते. आपल्याला पुढची गंमत बघायची असते आणि ही बाई मध्येच दार लावून उभी राहते. तिथून तिच्याविषयीचा राग सुरू होतो. ती गरोदर आहे, नवरा रात्र रात्र घरी नाही, विचारलं की खोटं बोलतो, हे सगळं पडद्यावर समोर दिसत असूनही.

वॉल्टर पुढे काय काय करतो ते थोडक्यात सांगते. जेसीची मैत्रीण नशेत झोपलेली असताना उलटी होऊन गुदमरते. वॉल्टर शेजारी उभा असतो. हात पुढे करून तिला कुशीवर वळवायचं एवढंच काम असतं. तो करत नाही, कारण ती त्याच्या आड आलेली असते. एका निरुपद्रवी सहकाऱ्याला तो जेसीच्या हातून मारवतो. एका लहान मुलाला विषारी झाडाचा अंश देतो, जीव जाणार नाही पण जेसी आपल्या बाजूला येईल इतका. तुरुंगातल्या साक्षीदारांना दोन मिनिटांत ठार करवतो. यातलं बहुतेक सगळं ७ लाख ३७ हजार केव्हाच मागे पडल्यावर. पाचव्या पर्वात धंदा सोडायचे ५० लाख डॉलर त्याला मिळत असतात, तेही तो नाकारतो. तोपर्यंत त्याला पैसा नको असतो, साम्राज्य हवं असतं, आणि ते तो स्वतःच्या तोंडाने सांगतो.

स्कायलर साधी नाही. ती हिशेबनीस आहे, आणि चांगली आहे. खरं कळल्यावर ती घटस्फोट मागते. वॉल्टर जबरदस्तीने घरात परत राहायला येतो. ती पोलिसांना बोलावते, पण खरं कारण सांगितलं तर मुलाला बाप कोण आहे ते कळेल, म्हणून तोंड उघडत नाही. पोलीस म्हणतात, तक्रार नाही, मारहाण नाही, नवऱ्याला त्याच्या घरातून आम्ही कसं काढणार. हा प्रसंग आपल्याकडच्या कितीतरी जणींना समजावून सांगावा लागणार नाही. मग ती आपल्या मालकाशी संबंध ठेवते आणि नवऱ्याला तोंडावर सांगते. पुढे ती त्याच्यात सामीलही होते. गाड्या धुण्याचं तेच सेंटर ती विकत घ्यायला लावते आणि न आलेल्या गाड्यांच्या पावत्या फाडून नशेचा पैसा धंद्याची कमाई म्हणून दाखवते. काळ्याचं पांढरं. त्याच पैशातून ६ लाखांवर डॉलर मालकाचा थकलेला कर भरायला देते. तेव्हा तिला धुतल्या तांदळासारखी म्हणायचं कारण नाही, आणि मालिकाही तसं म्हणत नाही.

पण तराजू बघा. नवऱ्याच्या खात्यावर खून, विष आणि एक मुलगी डोळ्यांदेखत मरू दिलेली. बायकोच्या खात्यावर एक परपुरुष, खोट्या पावत्या आणि तिखट जीभ. आणि चाहत्यांच्या एका मोठ्या गटाचं म्हणणं असं की खरी खलनायिका तीच. कटकटी आहे, नवऱ्याला कमी लेखते, त्याच्या पैशावर जगते आणि वर त्यालाच बोलते. ही भाषा मी अमेरिकेतली सांगते आहे, पण तुम्हाला ती नवी वाटली नसेल.

हे पडद्यापुरतं राहिलं नाही. स्कायलरचं काम ॲना गन या अभिनेत्रीने केलं. शेवटचे भाग सुरू असताना, ऑगस्ट २०१३ मध्ये, तिने ‘न्यू यॉर्क टाइम्स’ या वर्तमानपत्रात लेख लिहिला. स्कायलरचा द्वेष करण्यासाठी इंटरनेटवर पानं उघडली गेली होती आणि हजारो माणसं त्यात सामील होती. हळूहळू तो राग स्कायलरवरून ॲना गनवर सरकला, इतका की ही बाई कुठे भेटेल म्हणजे तिला मारून टाकतो, असंही कुणीतरी लिहिलं. तिला स्वतःच्या जिवाची काळजी वाटू लागली. भूमिका वॉल्टरची करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनच्या वाट्याला लोकांचं प्रेम आलं, त्याला अडवणारीची भूमिका करणारीच्या वाट्याला हे. तिचं म्हणणं साधारण असं होतं की मुकाट्याने सोसणारी किंवा नवऱ्यामागे उभी राहणारी बायको लोकांना चालते, बरोबरीने उभी राहून नाही म्हणणारी चालत नाही, आणि स्कायलरविषयीचा राग हा खरं तर बायकांविषयी आपल्याला काय वाटतं ते मोजायचं माप झाला आहे. गिलिगन यांनी त्याच वर्षी एका मुलाखतीत याहून रोखठोक सांगितलं की या मालिकेतल्या बायकांवर असा राग काढणारे लोक स्त्रीद्वेष्टे आहेत.

मला इथे आपला ‘दीवार’ आठवतो, १९७५ सालचा. विजय तस्कर आहे, आणि थिएटरात शिट्ट्या त्यालाच पडल्या. पण मुलगा काय करतो ते कळल्यावर आई त्याचा बंगला सोडून पोलीस असलेल्या धाकट्याबरोबर निघून जाते, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी डोळे पुसले. आईला कुणी कटकटी म्हटलं नाही. तेच वाक्य आई बोलली तर ते संस्कार असतात आणि बायको बोलली तर तो छळ. स्कायलर आईसुद्धा आहे, पण प्रेक्षकांनी तिला बायको म्हणूनच मोजलं.

आता शेवटाकडे येते. सप्टेंबर २०१२ मध्ये मालिका अशा जागी थांबवली होती की हँकला एका पुस्तकातल्या अक्षरावरून कळतं, आपण ज्याला वर्षभर शोधतोय तो आपलाच साडू. पुढचा भाग यायला ऑगस्ट २०१३ उजाडला. जवळजवळ वर्षभर लोक भांडत होते. वॉल्टर सुटला पाहिजे, की हँकने त्याला धरला पाहिजे, की जेसीने त्याला मारलं पाहिजे? मग आठ रविवार आठ भाग आले. त्या थांबण्याआधीच्या भागातलं एक दृश्य मला विसरता येत नाही. स्कायलर वॉल्टरला भाड्याच्या गोदामात नेते. मध्ये नोटांचा ढीग, गादीएवढा लांबरुंद आणि कमरेएवढा. ती सांगते, मी मोजायचं सोडून दिलं आहे, हे खर्चायला कितीही जन्म पुरणार नाहीत, गाड्या धुण्याच्या धंद्यात हे दाखवता येणार नाही. आणि विचारते, अजून किती झाला म्हणजे पुरे? गटात कर्जाच्या अर्जावर कारण ‘घरासाठी’ एवढंच असलं की आपण विचारतो, घरासाठी म्हणजे कशासाठी, किती. तो प्रश्न बाईने बाईला विचारला तर कुणाला राग येत नाही. स्कायलर तोच प्रश्न नवऱ्याला विचारते. संपूर्ण मालिकेत ७ लाख ३७ हजारांची आठवण ठेवल्यासारखं बोलणारी ती एकटीच.

१५ सप्टेंबरच्या भागात हँक मारला जातो. स्कायलर सुरी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहते, मुलगा मध्ये पडून पोलिसांना फोन करतो आणि वॉल्टर तान्ह्या मुलीला उचलून पळतो. मग तो घरी फोन करतो. पोलीस ऐकत असतात. तो स्कायलरला घाणेरडं बोलतो, तुझ्यामुळे सगळं बिघडलं, तुला काही कळत नाही, मी एकट्याने सगळं उभं केलं. या फोनवरून चाहत्यांचे उभे दोन तट पडले. एक तट म्हणाला, अखेर तिला कुणीतरी सुनावलं. दुसरा म्हणाला, अहो, तो नाटक करतो आहे, पोलिसांना ऐकू यावं की ही निर्दोष आहे, बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. दुसरं बरोबर आहे. पण मला त्यातली खरी गोम अशी दिसते की ते नाटक पटलं, कारण असे शब्द नवरे बोलतात हे फोनवर ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना ते नाटक आहे हे कळलंसुद्धा नाही, कारण वर्षभर ते स्वतः हेच शब्द वापरत होते.

शेवटच्या भागात, २९ सप्टेंबरला, वॉल्टर चोरून स्कायलरला भेटायला येतो. ती आता दोन खोल्यांत राहते, माहेरचं नाव लावते, टॅक्सी कंपनीत फोनवर गाड्या पाठवायचं काम करते. तो बोलायला लागतो आणि ती त्याला तोडते, आता परत घरच्यांसाठी केलं म्हणशील तर ऐकून घेणार नाही. तेव्हा तो पहिल्यांदा खरं बोलतो. मी स्वतःसाठी केलं. मला आवडत होतं. मला ते चांगलं जमत होतं, आणि त्यात मला जिवंत असल्यासारखं वाटत होतं. पहिल्या भागात वाळवंटात दिलेला निरोप इथे त्यानेच मागे घेतला. मारामारी नाही, संगीताचा गोंगाट नाही, स्वयंपाकघरात दोन थकलेली माणसं. तिथे मालिकेने आपला निवाडा दिला, आणि तो स्कायलरच्या बाजूने दिला.

तरी टी-शर्ट वॉल्टरचेच निघाले. गिलिगन यांनी नंतरच्या वर्षांत सांगितलं की जसजसे दिवस जातात तशी माझी वॉल्टरविषयीची सहानुभूती कमी होत जाते. ज्याने तो माणूस लिहिला त्याला असं वाटावं, हे मला विचार करण्यासारखं वाटतं. ॲना गनला मात्र शेवटच्या भागाच्या एक आठवडा आधी एमी पुरस्कार मिळाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळाला. तुम्ही ही मालिका मुलाबरोबर बसून पाहिलीत, तर त्याला मध्येच विचारा, हे पैसे आता किती झाले असतील. तो चटकन सांगेल. मग विचारा, त्याला किती हवे होते.

पैशाचं शेवटी काय झालं ते राहिलंच. सगळे मिळून ८ कोटी डॉलर पिंपांत भरून वॉल्टरने वाळवंटात पुरले होते. टोळीने ते उकरून नेले आणि त्याला एक पिंप ठेवलं. उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर मुलापर्यंत पोचवायला त्याला एकच वाट सापडली. तो ग्रेचेन आणि एलियटच्या बंगल्यात शिरला आणि त्यांना धमकावून सांगितलं की माझा मुलगा १८ वर्षांचा झाला की हे तुमच्या नावाने, तुमची मदत म्हणून त्याला द्यायचे. त्याआधी याच मुलाने फोनवर बापाला सांगितलं होतं की तुझा एक पैसाही नको. आता तो ते घेईल, तर बापाच्या मित्रांचा उपकार समजून घेईल. स्कायलरला ते पैसे कुठून आले हे सांगणारं कुणीच नाही. मुलगा ते घेतो की नाही, हे मालिकेत दाखवलेलं नाही.